यकृत हाताला लागत नाही

ज्या माणसाने आयुष्यभर खुर्च्या, टेबलं, पंखे आणि कुलपं यांना हात लावून ती आहेत की नाहीत हे ठरवलं, त्याच्या पोटाला एका अनोळखी डॉक्टरने हात लावावा आणि आतल्या दोन वस्तू सापडत नाहीत असं लेखी द्यावं, हा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. पडताळ्यांवर तो आला. तोही निवृत्तीनंतर चारच महिन्यांनी, म्हणजे ज्या काळात माणसाचा सहसा कोणी अपमान करत नाही, कारण त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

पडताळे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते एका मोठ्या खात्यात सामानाची पडताळणी करत. वर्षातून एकदा प्रत्येक कचेरीत जायचं, नोंदवहीत लिहिलेली वस्तू खरोखर आहे का ते बघायचं, असली तर टिक करायची आणि नसली तर ‘हाताला लागली नाही’ असा शेरा मारायचा. बाकीचे पडताळणीवाले दारातच उभे राहून ‘पंखे सहा, दिसले’ म्हणत आणि चहाला जात. पडताळ्यांना नुसतं दिसणं मान्य नव्हतं. डोळ्यांना काय, आरशातली खुर्चीसुद्धा दिसते, असं ते म्हणत. वस्तूला हात लागला पाहिजे आणि तो त्यांचाच लागला पाहिजे. शिडी मागवून ते छताच्या पंख्याला बोट लावत. त्याआधी पंखा बंद करत. एकदाच विसरले होते. एका कचेरीत त्यांनी खुद्द मुख्याधिकाऱ्यांना उभं केलं, कारण यादीतल्या खुर्चीवर ते बसले होते. तिथला शिपाई म्हणाला, “साहेब, मी सकाळीच पुसलीय ती, आहे खुर्ची.” त्यावर पडताळे शांतपणे म्हणाले, “माझ्या वतीने दुसऱ्याने लावलेला हात चालत नाही.” त्या दिवसापासून त्यांना सगळे पडताळे म्हणू लागले. निरोपाच्या मानपत्रावरही तेच छापलं होतं आणि ते वाचून त्यांना वाईट वाटलं नव्हतं, हे विशेष.

निवृत्तीनंतर करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या बायकोने तीस वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. तिला बर्फ बघायचा होता. बघायचा म्हणजे हात लावून बघायचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने हे सांगितलं तेव्हा पडताळे म्हणाले होते, “पडताळणी संपली की जाऊ.” पडताळणी नेमकी हिवाळ्यात असे, आणि एक संपली की पुढच्या वर्षीची दारात उभी राही. तिने कधी वाद घातला नाही. दर दोन-तीन वर्षांनी ती लोकरीचे हातमोजे विणायची, एक जोडी लहान, एक मोठी. त्यांना कसर लागली की पुढच्या जोड्या सुरू. यंदाच्या दहाव्या होत्या.

चौकातल्या सहलवाल्या बाईंकडे सात दिवसांच्या डोंगराच्या सहलीत दोन जागा मिळाल्या. या बाई सतत घाईत असत आणि बोलताना समोरच्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करत.

“पंचावन्नच्या वर...” पडताळे विचारू लागले.

“असाल तर डॉक्टरांचा तपासणीचा दाखला. या छापील फॉर्मवर. सहलीचे डॉक्टर तो बघतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला यादी बंद.”

पडताळ्यांना इतका चोख कारभार फार आवडला. त्याच संध्याकाळी त्यांनी नवी वही उघडून रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तू, नग, टिक. बायको लोकरीची शेवटची गाठ मारत मारत सांगत होती.

“थर्मास एक. बॅटरी एक. कानटोप्या दोन. हातमोजे लहान एक जोडी, मोठे एक जोडी. आणि शेवटी लिहा, बर्फ.”

“बर्फ?”

“हो.”

“अगं, बर्फ आपला नाही. जो आपल्याकडे नाही तो यादीत कसा घेणार?”

“हात लावला की येईल यादीत. लिहा तुम्ही.”

पडताळ्यांनी चाळिसाव्या क्रमांकावर बर्फ लिहिला, पण पेन्सिलीने. शाईने लिहायला त्यांचं मन धजेना.

मंगळवारी दोघं तपासणी केंद्रात गेली. बायकोला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले, छातीवर नळी टेकवली आणि डोळ्यांच्या रकान्यापासून पावलांच्या रकान्यापर्यंत एक लांबलचक तिरकी रेघ ओढून खाली ‘नॉर्मल’ असं लिहिलं. ती रेघ पडताळ्यांना बघवेना. अशा एका तिरक्या रेघेपायी त्यांच्या खात्यात दोघांची बढती अडकली होती. त्यांना तपासणारे डॉक्टर मात्र अगदी त्यांच्या पठडीतले निघाले. त्यांनी पडताळ्यांना उताणं झोपवलं, एकेका अवयवाचा समाचार घेतला, बरगड्यांखाली बोटं रुतवून “श्वास घ्या, सोडा” केलं आणि पडद्यापलीकडच्या टाइपिस्टला इंग्रजीत पुटपुटत मजकूर सांगितला. खरी पडताळणी याला म्हणतात, असं पडताळे छताकडे बघत मनाशी म्हणाले. तिथे पंखा होता. सवयीने त्यांना त्याला हात लावावासा वाटला.

घरी आल्यावर त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, प्रत्येक ओळीखाली पट्टी धरली आणि एकेक वस्तू तपासली. डोळे, ठीक. कान, ठीक. गुडघे, वयाच्या मानाने ठीक. पट्टी आणखी खाली सरकली आणि थांबली.

‘लिव्हर : नॉट पॅल्पेबल. स्प्लीन : नॉट पॅल्पेबल.’

लिव्हर म्हणजे यकृत आणि स्प्लीन म्हणजे प्लीहा, एवढं त्यांना शाळेच्या आकृतीवरून आठवत होतं. ‘नॉट’चा अर्थ सांगायला कुणी नको होतं. प्रश्न उरला मधल्या विशेषणाचा, आणि त्यासाठी ते तळमजल्यावरच्या सरांकडे गेले.

सर इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे गुडघ्याइतका जाड शब्दकोश होता आणि गेल्या सहा वर्षांत त्यांना कुणी एकाही शब्दाचा अर्थ विचारलेला नव्हता. पडताळ्यांनी शब्द उच्चारताच सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

“पॅल्पेबल! वा! काय शब्द आणलात! मूळ लॅटिन. पाल्पारे. म्हणजे हळुवार हात फिरवणं, चाचपणं. आता मला सांगा, तुमच्या मांडीवर मांजर येऊन बसलं तर तुम्ही काय करता?”

“उठून उभा राहतो.”

“बरं, इतर लोक काय करतात? गोंजारतात. ते पाल्पारे. त्यावरून पॅल्पेबल, म्हणजे हात फिरवला की जाणवेल असं. इंग्रजीत हा शब्द सहाशे वर्षं नांदतोय. पुढे माणसं जे हाताने नाही, नुसतं मनाला जाणवतं, त्यालाही तो लावू लागली. परीक्षेच्या खोलीतला ताण पॅल्पेबल असतो. ढळढळीत चूकही पॅल्पेबल असते. आणि छातीत धडधडतं ना, पॅल्पिटेशन, तेसुद्धा याच घराण्यातलं.”

पडताळ्यांच्या छातीत त्या घराण्याची मंडळी जमू लागली होती. “आणि आधी ‘नॉट’ असलं तर?”

“तर हाताला न लागणारं. कशाबद्दल आहे मजकूर?”

“दोन वस्तूंबद्दल.”

“मग त्या वस्तू तिथे नाहीत का?”

“तेच तर बघायचंय.”

“इंग्रजी मात्र निर्दोष आहे हं,” सर समाधानाने म्हणाले. “पण एक सांगतो. शब्द वाक्यात वापरल्याशिवाय आपला होत नाही. पॅल्पेबलचं एक चांगलं वाक्य करून आणा. तुमचं स्वतःचं.”

साठीच्या माणसाला घरचा अभ्यास मिळाला. पडताळे मान खाली घालून जिना चढू लागले.

इथे वाचकांनी पडताळ्यांना खुळं समजू नये. यकृत नसलेला माणूस जिना चढू शकत नाही, हे त्यांना कळत होतं. यकृत कुठेतरी असणारच. पण चाळीस वर्षांत त्यांनी हजारो वेळा ‘हाताला लागली नाही’ असं लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ दर वेळी एकच निघाला होता: वस्तू गहाळ, जागेवरून हललेली किंवा झिजून नाहीशी होत आलेली. यांपैकी आपल्या यकृताचं काय झालं असेल? दोन-दोन तुटी असलेला फॉर्म कोणता अधिकारी मंजूर करेल? त्यांनी स्वतः कधीच केला नसता.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच उभ्या होत्या. सरांचा आवाज दार लावलं तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो, आणि त्या दोन वस्तू कोणत्या हे काकूंनी पडताळ्यांकडून काढून घेतलं. काकूंच्या अंगावर वैद्यकशास्त्राने आजवर बरेच प्रयोग केले होते, त्यामुळे इमारतीत आजारांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

“लिव्हर हाताला लागत नाही म्हणाले तुम्हाला?” काकूंनी कीव आल्यासारखा आवाज काढला. “अगं बाई! माझं तर चांगलं चार बोटं लागतं हो. मोठे डॉक्टर चार विद्यार्थ्यांना घेऊन आले, सगळ्यांनी हात लावून बघितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, असं स्पष्ट लागलेलं क्वचित बघायला मिळतं.”

“आणि प्लीहा?”

“तीही लागते. तुम्ही असं करा, उताणे झोपा, गुडघे वर घ्या आणि पोट सैल सोडा. काही लपलेलं असेल तर खाली येतं.”

काकू गेली दोन वर्षं उकडलेल्या भाज्यांवर का होत्या आणि महिन्यातून दोनदा मोठ्या दवाखान्यात का जात होत्या, हा प्रश्न पडताळ्यांना त्या क्षणी सुचायला हवा होता. पण हेवा वाटू लागला की माणसाला प्रश्न सुचत नाहीत. चार बोटं! आणि आपलं एकही नाही!

बुधवारची अख्खी सकाळ पडताळे पलंगावर गुडघे वर करून स्वतःला चाचपत होते. उजवीकडे काही घट्ट लागलं म्हणून हरखले, तर ती बरगडी निघाली. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“अहो, काय करताय?”

“शोधतोय.”

“काय?”

“काही नाही. तू हातमोजे भरलेस का बॅगेत?”

“कधीच,” ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात तीस वर्षांची वाट बघणं संपत आल्याचं सुख इतकं उघड होतं की पडताळ्यांनी पायजम्याची नाडी बांधली आणि सरळ तपासणी केंद्र गाठलं. तिला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. फॉर्म आपला आहे, तूट आपली आहे, ती आपणच भरून काढू.

केंद्रात डॉक्टर नव्हते. ते सोमवारपर्यंत रजेवर होते. पहिल्या खिडकीवर सांगण्यात आलं की दुरुस्तीचा अर्ज तिसऱ्या खिडकीवर. तिसऱ्या खिडकीवर सांगण्यात आलं की अर्ज पहिल्या खिडकीवर मिळतो. अर्ज भरून झाल्यावर कळलं की त्यावर ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांचीच सही लागते. पडताळ्यांनी या नियमांना मनातल्या मनात मान डोलावली, कारण ते त्यांनीच केल्यासारखे होते. मग ते टाइपिस्टपाशी गेले. टाइपिस्ट कामसू आणि परोपकारी होता, आणि जगातली बरीच नासधूस याच दोन गुणांच्या माणसांकडून होते.

“एवढंच ना?” तो फॉर्म बघून म्हणाला. “फक्त दोन ‘नॉट’ काढायचे.”

“असे कसे काढाल? आधी वस्तू सापडली पाहिजे. हात लावून बघा.”

“मी टाइपिस्ट आहे काका. मी कोणाच्या पोटाला हात लावत नाही.” असं म्हणून त्याने आतल्या ड्रेसरला हाक मारली. हा ड्रेसर वीस वर्षं लोकांच्या जखमा बांधत होता आणि त्याची बोटं सांडशीसारखी होती. त्याने पडताळ्यांना बाकावर आडवं केलं आणि दोन्हीकडून असं काही दाबलं की पडताळ्यांना शाळेची ती आकृती रंगांसकट दिसली.

“आहेत की,” ड्रेसर म्हणाला. “दोन्ही आहेत. जागेवर आहेत.”

“नक्की हाताला लागले?”

“माझ्या हाताला सगळं लागतं काका. उठा.”

माझ्या वतीने दुसऱ्याने लावलेला हात चालत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी ड्रेसरच्या अंगठ्यावर भरवसा ठेवला. गरजू माणूस काय करणार? टाइपिस्टने पांढऱ्या शाईचे दोन ठिपके दिले, ‘नॉट’ दोन्हीकडून नाहीसे झाले, आणि पडताळ्यांच्याच आग्रहाखातर त्याने दोन्ही ठिपक्यांवर ‘दुरुस्त’ असा शिक्का मारून बारीक सह्या केल्या. पडताळे फॉर्म उन्हात वाळवत घरी गेले. लिव्हर पॅल्पेबल. स्प्लीन पॅल्पेबल. गुरुवारी सकाळी त्यांनी दोन्ही फॉर्म सहलवाल्या बाईंकडे दिले, पावती घेतली आणि वर्षाअखेरची पडताळणी संपल्यासारखी दुपारी गाढ झोप काढली.

शुक्रवारी साडेअकराला बाईंचा फोन आला. तो बायकोने घेतला, म्हणून सगळं आधी तिला कळलं.

“आमच्या डॉक्टरांनी फॉर्म बघितला,” बाई म्हणाल्या. “यकृत वाढलंय, प्लीहा वाढलीय, दोन्ही हाताला लागतायत. यांना डोंगरावर नेता येणार नाही. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा. तुमचा फॉर्म ठीक आहे, तुम्ही एकट्या...”

“नको,” बायको म्हणाली. बाईंचं वाक्य पूर्ण करणारं माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं.

फोन ठेवून ती पडताळ्यांपुढे येऊन उभी राहिली. “अहो, तुम्हाला एवढं झालंय आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?” तिचे डोळे भरून आले होते. बर्फाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. आत जाऊन तिने बॅगेतून हातमोज्यांच्या दोन्ही जोड्या काढल्या आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवल्या. कपाट लावल्याचा आवाज पडताळ्यांना बाहेर ऐकू आला. ‘वाढलंय’ म्हणजे काय, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. पण तो आवाज कळला.

त्यांनी चपला घातल्या आणि सहलीच्या डॉक्टरांचा पत्ता शोधत निघाले. डॉक्टर म्हातारे, सावकाश आणि हसऱ्या डोळ्यांचे होते. तिथे रांग होती आणि रांग मोडणं पडताळ्यांच्या रक्तात नव्हतं, त्यामुळे त्यांचा नंबर साडेचारला लागला. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, पुन्हा तपासलं, मग फॉर्म उजेडात धरला.

“तुमचं यकृत मला कुठेच लागत नाही.”

पडताळ्यांनी डोळे मिटले.

“उत्तम प्रकृती आहे,” डॉक्टर म्हणाले. “इथे पॅल्पेबल कोणी लिहिलं?”

“उत्तम? पण लागत नाही म्हणालात ना?”

“अहो, धडधाकट माणसाचं यकृत बरगडीच्या आड आपलं काम करत बसलेलं असतं. ते सहसा हाताला लागत नाही. प्लीहा तर नाहीच. हाताला लागायला लागली की समजायचं, सुजलीय, काहीतरी बिघडलंय. जे जागेवर नीट चाललेलं असतं, ते लागत नाही हाताला. म्हणून तर आम्ही खुशीने लिहितो, नॉट पॅल्पेबल.” मग त्यांनी पांढऱ्या ठिपक्यांवर नख फिरवलं. “ही खाडाखोड कोणी केली?”

पडताळ्यांच्या समोर ते सगळे कारकून उभे राहिले, ज्यांना त्यांनी एकेका पांढऱ्या ठिपक्यासाठी लेखी खुलासा मागितला होता. त्यांचे कान तापले.

“मी करवून घेतली,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी खुर्च्यांपासून ड्रेसरपर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही हसू फुटू दिलं नाही. एकदा चष्मा पुसला, तो मात्र जरा जास्तच वेळ पुसला. शेवटी त्यांनी कोऱ्या फॉर्मवर नवा दाखला लिहून दिला.

सहाला दहा मिनिटं कमी असताना पडताळे धापा टाकत चौकात पोचले. बाईंनी दाखला वाचला आणि पहिल्यांदाच सावकाश बोलल्या.

“तुमची जागा दुपारीच दिली हो. प्रतीक्षायादीतल्या एका पोस्टमास्तरांना. दिलेली जागा परत काढून घेता येत नाही, तसा नियम आहे. तुमच्या मिसेसची मात्र मी ठेवलीय. म्हटलं, सहापर्यंत वाट बघू.”

पडताळ्यांनी वाद घालावा, निदान आवाज चढवावा, अशी वेळ होती. ते म्हणाले, “नियम बरोबर आहे.” मग म्हणाले, “ती येईल. तिचं नाव शाईने लिहा.”

घरी तिला पटवायला संध्याकाळ गेली. आधी तिला सगळं सांगावं लागलं. यकृत ठणठणीत आहे हे ऐकून ती रडली, ड्रेसरचं ऐकून हसली आणि काकूंच्या चार बोटांचं ऐकून गंभीर झाली. “बिचाऱ्या काकू,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मी एकटी नाही जाणार. पुढच्या वर्षी दोघं जाऊ.”

“पुढच्या वर्षी हे मी तीस वेळा म्हटलंय,” पडताळे म्हणाले. “तू म्हणू नकोस.” त्यांनी वही आणून चाळिसावा क्रमांक दाखवला. “यादीत घेतलेली वस्तू सोडता येत नाही. तू जा.”

सोमवारी पहाटे बस आली. जाताना ती डबे, चाव्या, गॅस, दूध असं काय काय कुठे आहे ते सांगत होती. “चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सामानाची पडताळणी केलीय मी,” पडताळे म्हणाले. “घरात काय कुठे आहे ते मला कळत नाही का?” बस वळली आणि वर येऊन त्यांनी चहासाठी गाळणं शोधायला घेतलं. ते बुधवारी सापडलं.

मंगळवारी वेळ जाईना, म्हणून त्यांनी घराचीच पडताळणी काढली. नवी वही, नवे रकाने. वाट्या, चमचे, पडदे, उश्या, प्रत्येकाला हात लावला आणि टिक केली. तीनशे बारा वस्तू झाल्या, गाळण्याखेरीज तूट कसलीही नव्हती, आणि तरी घर भरल्यासारखं वाटेना. संध्याकाळी दिवा कोण लावतं, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. तो लागलेला असे. टॉवेल वाळलेला असे, चष्मा वर्तमानपत्राशेजारी असे, न बोलताही समोर कोणीतरी असे. डोंगरात फोन चालत नव्हता. तिला एकटीला थंडी वाजत असेल, एवढाच विचार ते करत होते, आणि त्यांना तिची फार आठवण येत होती.

शनिवारी जिन्यात सरांनी गाठलं. “वाक्य केलंत का?”

पडताळ्यांनी कठडा धरला. मग त्यांनी आपल्या खात्यातल्या इंग्रजीत, शब्द मोजून मापून, वाक्य म्हटलं. मराठीत त्याचा मतलब असा होता: माझी बायको तीस वर्षं घरात होती आणि मला हाताला लागली नाही, सोमवारपासून ती घरात नाही आणि जिथे हात लावावा तिथे पॅल्पेबल आहे.

सरांनी सवयीने चूक शोधली, ती सापडली नाही. “ठीक आहे,” ते म्हणाले. “दहापैकी नऊ.” एक गुण का कापला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि पडताळ्यांनी विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी ती आली. नाक सोललेलं, गाल लाल, आवाज बसलेला आणि बोलणं थांबत नव्हतं. पोस्टमास्तर बसमध्ये कसे घोरतात इथपासून सुरुवात झाली. पडताळ्यांनी चहा केला, गाळला, समोर ठेवला आणि जे विचारायचं ते अखेर विचारलं.

“कसा लागतो गं हाताला?”

“बर्फ?” तिने कप खाली ठेवला. “आधी काही लागतच नाही. नुसतं पीठ हातात घेतल्यासारखं. मग एकदम चटका बसतो.” तिने बॅगेतून हातमोजे काढले. लहान जोडी होती, आणि मोठीही होती. दोन्ही अजून दमट होत्या. “दोनदा लावला मी हात. आधी माझे मोजे काढून, माझ्यासाठी. मग तुमचे घातले, तेही काढले आणि परत लावला. तुमच्यासाठी. सगळे हसत होते मला. पण म्हटलं, तुमच्या वतीने कुणीतरी लावायला हवा.”

आणि मग तिला त्यांचा तो प्रसिद्ध नियम आठवला असावा. ती जराशी बिचकून त्यांच्याकडे बघत राहिली.

पडताळे उठले. कपाटातून सहलीची वही काढली, चाळिसाव्या क्रमांकाखाली पट्टी धरली. पेन्सिलीने लिहिलेला ‘बर्फ’ त्यांनी शाईने गिरवून घेतला. नगाच्या रकान्यात लिहिलं, दोन. मग तिचा तो थंडीने उललेला हात आपल्या हातात घेतला, त्यावरून अगदी हळू हात फिरवला, आणि मग टिक केली.